आधी भाकरी मोजा: कोल्हापूरच्या ताटात कार्ब कमी करताना

कार्ब कमी करायचे म्हटलं की कोल्हापुरात उत्तर तयार असतं: "मग काय, भात सोडायचा आणि मटण खायचं." असं सुरू केलेलं डाएट पहिल्या सोमवारी अडतं. घरात वार असतो, मटण नसतं, ताटात आमटी-भाकरीच असते. मग एका भाकरीच्या तीन होतात आणि मंगळवारी डाएट सुटलेलं असतं.

पहिल्यांदाच कार्ब कमी करणाऱ्यांसाठी ही वाट पायरीपायरीने लिहिली आहे. कार्ब म्हणजे पीठ, भात, साखर, गूळ, फळं, दूध यांतला पिष्टमय आणि गोड भाग. एका ग्रॅमला 4 कॅलरी. 2025 मध्ये 'नेचर मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी सर्वेक्षणानुसार भारतीयांच्या आहारातली सुमारे 62 टक्के ऊर्जा कार्बमधून येते. आपल्याकडे ती कुठून येते हे शोधायला लांब जायला नको: भाकरी, भात आणि दिवसभरातले गोड चहा. तांबडा रस्सा उगाच बदनाम आहे. कार्बच्या हिशेबात तो जवळजवळ निर्दोष आहे.

1. सुरू करायचं की नाही, ते आधी ठरवा

ही पायरी गाळू नका. खालीलपैकी काही लागू असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एक भाकरीसुद्धा कमी करू नका:

- इन्सुलिन, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू आहेत. कार्ब कमी झाले आणि डोस तोच राहिला, तर साखर 70 च्या खाली घसरू शकते.
- डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी चालू आहे. या गोळ्यांवर कार्ब फार कमी केले तर रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवरचा आकडा फारसा वाढलेला नसतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं असं झालं तर आकडा 180 दिसतोय म्हणून घरी थांबू नका.
- बीपीची गोळी, विशेषतः लघवी वाढवणारी. वजन आणि पाणी उतरलं की बीपीही उतरतं, आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते.
- टाइप 1 मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, अंगावर पाजणं, स्वादुपिंडाचा जुना त्रास, खाण्याशी संबंधित मानसिक आजार.

मधुमेहासाठी फक्त मेटफॉर्मिन चालू असेल तर साखर एकदम घसरण्याची भीती कमी, पण डॉक्टरांच्या कानावर घालाच.

तालमीतल्या पोरांसाठी वेगळी सूचना. मैदानं तोंडावर असताना हा प्रयोग करू नका. लढतीतला झटका स्नायूंत साठलेल्या साखरेवर चालतो. ती रिकामी असली की जोर-बैठका निघतात, पण कुस्तीत दम तुटतो.

2. तपासण्या आणि सामान

सुरू करण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या: उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), युरिक अॅसिड, यकृताच्या तपासण्या. लिपिडसाठी 10 ते 12 तास उपाशी राहा, पाणी चालतं. हे आकडे जपून ठेवा, तीन महिन्यांनी तुलनेला लागतील. 'आधी किती होतं' याचा कागदच नसतो, म्हणून नंतर फायदा झाला की तोटा हे सांगता येत नाही.

सामान थोडं आहे:

- एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल वजनकाटा
- शिंप्याची मोजपट्टी
- वही
- मधुमेह असेल तर ग्लुकोमीटर आणि पट्ट्या

कंबर बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून मोजा. भारतीयांसाठी पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात. वजन रोज नको, आठवड्यातून एकदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर.

कीटो म्हणजे अगदी कमी कार्बचा आहार. त्याच्या नावाचं महागडं 'कीटो पीठ', तयार पावडरी, कीटोन तपासायच्या पट्ट्या यांतलं पहिल्या महिन्यात काहीही लागत नाही.

3. आत्ता काय खाता ते मोजा

तीन दिवस काहीही बदलू नका. फक्त लिहा. त्यातला एक दिवस रविवार असू द्या.

सगळ्यात मोठी चूक भाकरीच्या मोजणीत होते. "दोन भाकऱ्या खातो" हे माप नव्हे. एका घरात भाकरीला 50 ग्रॅम पीठ जातं, दुसऱ्या घरात 90. परात काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि एका भाकरीपुरतं कोरडं पीठ घ्या. तोच आकडा लिहायचा. उंड्याचं वजन धरू नका, कारण ज्वारीचं पीठ जवळजवळ स्वतःइतकं पाणी पितं. 60 ग्रॅम पिठाचा उंडा 110-120 ग्रॅम भरतो. तव्यावरून उतरलेली भाकरीही मोजू नका, तिच्यातलं किती पाणी उडालं हे आच आणि जाडीवर ठरतं. मोजायचं ते कोरडं पीठ.

अंदाजासाठी हे आकडे पुरे आहेत (सगळे कार्बचे ग्रॅम):

- ज्वारीची भाकरी, 60 ग्रॅम पिठाची: 40
- पोळी, 30 ग्रॅम पिठाची: 20
- शिजलेला भात, 150 ग्रॅम (दाबून भरलेली वाटी): 40
- पोहे, 50 ग्रॅम कोरडे: 38
- आमटी, एक वाटी: 14
- पाव, एक: 20
- साखर, एक सपाट चमचा: 5
- म्हशीचं दूध, 250 मिली: 12
- शेंगदाणे, 30 ग्रॅम: 5
- अंडं: 1 पेक्षा कमी
- मटण, चिकन, मासे: शून्य

आता एक नेहमीचा दिवस धरा. सकाळी दोन चहा (24), पोहे (38), दुपारी दोन भाकऱ्या, भात, आमटी (134), संध्याकाळी चहा आणि चार बिस्किटं (28), रात्री पुन्हा दोन भाकऱ्या आणि भात (120). बेरीज 344. चहा-बिस्किटं सोडली तर यात गोड पदार्थ एकही नाही. "मी तर साखर सोडलीय" म्हणणाऱ्याने हा आकडा बघावा.

दुसरा गैरसमज इथेच मोडून टाका: गव्हाची पोळी सोडून ज्वारी, बाजरी, नाचणीवर आलं की कार्ब कमी झाले, असा. 100 ग्रॅम पिठामागे या चौघांत 62 ते 68 ग्रॅमच्या आसपासच कार्ब असतात. ज्वारीत फायबर चांगलं, नाचणीत कॅल्शियम भरपूर, म्हणून त्या जरूर खाव्यात. पण तीन नाचणीच्या भाकऱ्या म्हणजे लो-कार्ब नव्हे. गुळाचंही तेच. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, कार्बमधून सूट नाही.

4. किती खाली उतरायचं, आणि त्यातून काय मिळतं

तीन पातळ्या आहेत.

दिवसाला 100 ते 130 ग्रॅम: भाकरी राहते, भात जवळजवळ जातो. घरातल्या स्वयंपाकावर निभावतं.
दिवसाला 50 ते 100: अर्धी-एक भाकरी, आमटीसुद्धा मोजून.
50 च्या खाली: कीटो. भाकरी, भात, डाळ, दूध, फळं सगळं बाहेर. हा आहार मुळात 1920 च्या दशकात अपस्मारावरच्या उपचारासाठी बसवला गेला होता. देखरेखीशिवाय करायचा नाही.

नवख्यांनी पहिल्या पातळीवरच थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. 344 वरून 120 वर येणं ही काही लहान उडी नाही.

मिळतं ते असं. जेवणानंतर चढणारी साखर कमी होते, मधुमेहात हा फायदा सगळ्यांत लवकर दिसतो. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) उतरतात, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढतं. ताटात प्रोटीन वाढल्यामुळे भूक कमी लागते, म्हणून वजन उतरतं.

आता दुसरी बाजू. वजनासाठी लो-कार्बमध्ये काही जादू नाही. 2018 मध्ये अमेरिकेत डाएटफिट्स या चाचणीत 609 जणांना वर्षभर पाहिलं. कमी चरबी खाणाऱ्यांचं सरासरी 5.3 किलो उतरलं, कमी कार्ब खाणाऱ्यांचं 6 किलो, आणि हा फरक ठरवण्याजोगा नव्हता. दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळायला सांगितलं होतं, हे विसरू नका. तोट्यांत बद्धकोष्ठ, तोंडाचा वास, पेटके, आणि काही लोकांत एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल बऱ्यापैकी वाढणं. हे शेवटचं बाहेरून कळत नाही, रक्तातच दिसतं. मटण-मासे वाढले की घरखर्चही वाढतो. आणि पंगतीत "अर्धी तरी घे की" म्हणणाऱ्या मावशींना दरवेळी उत्तर द्यावं लागतं.

5. ताट बदला, पण या क्रमाने

सगळं एकाच दिवशी सोडू नका.

पहिला आठवडा: चहातली साखर, बिस्किटं, उसाचा रस, थंड पेयं. 200 मिली रसात 25 ते 30 ग्रॅम साखर असते. बिनसाखरेचा चहा जमत नसेल तर दर दोन दिवसांनी पाव चमचा कमी करा.

दुसरा आठवडा: रात्रीचा भात पूर्ण बंद, दुपारचा चार घास.

तिसरा आठवडा: भाकऱ्या. दुपारी एक, रात्री अर्धी, आणि भाकरीला 50 ग्रॅमच पीठ. लहान, पातळ भाकरी थापायला पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, लागते. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, कडा फाटतात, मग थापणारी हात जड करते आणि भाकरी पुन्हा 80 ग्रॅमवर जाते. म्हणून दळण थोडं-थोडं आणा, आठवड्यापुरतं, आणि पीठ उकळत्या पाण्यात भिजवा.

भाकरी कमी झाली की रिकाम्या जागी भाजी दुप्पट वाढा. वांगी, दोडका, दुधी, भेंडी, गवार, कोबी, फ्लॉवर, मेथी, पोकळा, चाकवत, अंबाडी, काकडी, मुळा: कपिलतीर्थ मार्केटमधली एक पिशवी भरा, हिशेब फारसा करायला नको. बटाटा, रताळं, सुरण यांचा मात्र करायचा.

बसवलेला दिवस असा दिसतो: सकाळी बिनसाखरेचा चहा आणि तीन अंड्यांचं ऑम्लेट. दुपारी एक भाकरी, वांग्याची भाजी, वाटीभर आमटी, काकडी, ताक. संध्याकाळी चहा आणि मूठभर भाजके शेंगदाणे. रात्री अर्धी भाकरी, चिकन सुकं, मेथीची भाजी, वाटीभर दही. कार्ब साधारण 112 ग्रॅम, प्रोटीन 75 च्या पुढे-मागे.

6. वाराचे दिवस: खरी परीक्षा

सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, संकष्टी, श्रावण, नवरात्र. घरोघरी यादी वेगळी, पण वर्षातले कितीतरी दिवस शाकाहारी जातात. लो-कार्ब मोडतं ते इथे, कारण भाकरी काढली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही.

प्रोटीनचं माप धरा: मूत्रपिंड ठीक असेल तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम. 65 किलोच्या माणसाला 65 ते 78. वाराच्या दिवशी ते असं जमतं:

- पनीर 100 ग्रॅम: 18
- सोयाबीन वडी, 30 ग्रॅम कोरडी: 15
- दही 200 ग्रॅम: 6 ते 7
- शेंगदाणे 30 ग्रॅम: 7
- आमटी, एक वाटी: 6
- दीड भाकरी, 75 ग्रॅम पिठाची: 7

बेरीज 60 च्या आसपास. थोडी कमीच, पण भुकेला पुरते. अख्खा मसूर किंवा मटकीची उसळ खाल्ली तर आमटी गाळा, दोन्ही नको. डाळी-कडधान्यांत प्रोटीनच्या दुपटीहून जास्त कार्ब असतात.

उपवासाची गोष्ट वेगळी आणि वाईट. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, 100 ग्रॅममागे 85 च्या पुढे. एक प्लेट खिचडी दीड-दोन भाकऱ्यांना भारी पडते आणि प्रोटीन नावाला, ते पण शेंगदाण्याच्या कुटातलं. भगरही त्याच वाटेने जाते. उपवास मोडायचा नसेल तर दही, ताक, काकडीची कोशिंबीर, शेंगदाण्याची आमटी, पनीर यांवर काढा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना निरंकार उपवास आणि लो-कार्ब एकत्र करू नका.

7. पहिले पंधरा दिवस

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतं. पेढे वाटू नका. यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या प्रत्येक ग्रॅम साखरेबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी असतं. साठा रिकामा झाला की ते पाणी जातं. लग्नात एक दिवस जेवलात की दीड किलो परत येतं, तेही पाणीच.

डोकं दुखणं, गळून जाणं, रात्री पोटरीत पेटके: इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ बाहेर टाकतात, त्याचा हा परिणाम. उपाय घरातच आहे. मीठ घातलेलं ताक, मटण शिजवताना निघालेलं अळणी पाणी (नाव अळणी असलं तरी त्यात मीठ घाला), पुरेसं साधं पाणी. शिरोली किंवा गोकुळ शिरगावला फौंड्रीत भट्टीजवळ पाळी असेल तर ही काळजी दुप्पट घ्या, घामातून मीठ आधीच जात असतं. बीपी किंवा हृदयाचा आजार असेल तर मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पोट साफ होत नसेल तर भाजी कमी पडतेय. रोज चमचाभर जवस कुटून किंवा जवसाची चटणी, वर पाणी. तरीही नाही झालं तर रात्री इसबगोल.

मधुमेह असेल तर या काळात उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर बघा. 70 च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, घाबरल्यासारखं झालं, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. तेव्हा "डाएट मोडेल" हा विचार करायचा नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून डोस कमी करून घ्या.

8. बाहेर खाताना

मटणाची थाळी सोपी आहे. सुकं, खिमा, अंडं, तांबडा, पांढरा घ्या. भाकरी एक, आणि भात ताटात वाढायच्या आधीच नको म्हणा. एकदा वाढला की रस्सा त्यावर ओतला जातोच. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ असतात. कार्ब थोडे, कॅलरी भरपूर. दोन वाट्या झाल्या की थांबा. तांबड्यावरचा कट चमच्याने बाजूला सारा. एका मोठ्या चमच्यातलं तेल 120 कॅलरींचं असतं, आणि कटात चमचे किती ते आचाऱ्यालाच ठाऊक.

मिसळीत मटकी चांगली, फरसाण आणि पाव वाईट. फरसाण कमी सांगा, पाव एकच. रस्सा पुन्हा मागवायला हरकत नाही.

दूधकट्ट्यावर उभ्याने प्यायचं म्हशीचं ताजं दूध हा कोल्हापूरचा कमकुवत कोपरा. पाव लिटरात 12 ग्रॅम कार्ब म्हणजे फार नाही, पण जेवणावर पुन्हा अडीचशे कॅलरी होतात. प्यायचंच तर त्या रात्रीची अर्धी भाकरी सोडा. रंकाळ्यावरची भेळ आणि भडंग हलके वाटतात, कारण चुरमुऱ्यांत हवा असते. पोटात गेल्यावर तो तांदूळच.

पाकिटावर 'शुगर-फ्री' लिहिलं असेल तर मागे उलटा आणि 'एकूण कर्बोदके' ही ओळ वाचा. आकडा 100 ग्रॅमचा आहे की एका बिस्किटाचा, तेही बघा. मैद्याच्या बिस्किटात साखर नसली तरी मैदा असतोच.

9. तीन महिन्यांनी

त्याच तपासण्या पुन्हा करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतं, म्हणून त्याआधी करून उपयोग नाही.

एलडीएल वाढलं असेल तर आधी सुकं खोबरं, तूप, लोणी आणि साय बघा. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त चरबी असते आणि तीही बहुतांश संपृक्त. आपल्या वाटणात ते रोज जातं. वाटणात खोबरं निम्मं करून तीळ किंवा शेंगदाणे घाला, लाल मटण आठवड्यातून एकदा, बाकी दिवस चिकन आणि मासे. कार्ब 130 च्या आसपास आणा आणि सहा-आठ आठवड्यांनी लिपिड पुन्हा बघा. तरीही एलडीएल वरच असेल तर पुढचा निर्णय डॉक्टरांचा. युरिक अॅसिड वाढून पायाचा अंगठा सुजला असेल तर वजडी, कलेजी, गुर्दा बंद.

सगळे आकडे सुधारले असतील तर दुपारच्या जेवणात अर्धी भाकरी वाढवा आणि महिनाभर वजन आणि कंबर बघा. दोन्ही जागेवर राहिले तर ती अर्धी तुमच्या हक्काची.